पलटणीची पत्रे

१९१४ च्या शरद ऋतूत हिंदी पलटणी फ्रान्सच्या आघाडीवर उतरल्या आणि त्यांचे टपाल तपासायला वेगळे सेन्सॉर कार्यालय सुरू झाले. कॅप्टन हॉवेल त्याचे प्रमुख होते. पत्रे उर्दू, हिंदी, गुरुमुखी, तर काही मराठीतूनही असत. पुष्कळ शिपायांना अक्षरओळख नव्हती. ते सांगत आणि दुसरा कोणी लिहून देई. घरच्या मंडळींनाही पत्र वाचून दाखवावे लागे, त्यामुळे मनातले बोलणे चार कानांतून जाई.

पत्र वाचले जाते हे शिपायांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी सांकेतिक भाषा काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. मसाला संपत आल्याचे कळवले, की घरच्यांनी माणसे किती पडली ते ओळखायचे. सेन्सॉरनेही ते ओळखले.

निवडक मजकुराची इंग्रजी भाषांतरे अहवालांना जोडली जात. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवड १९९९ मध्ये ग्रंथरूपाने छापली. मूळ कागद मात्र बहुतेक हरवले. शिपायाची बोली, लेखनिकाचे वळण, चुकलेली वेलांटी यांतले दफ्तरात जवळजवळ काहीच उरलेले नाही.