हेडलाइटचा बल्ब बदलण्याआधी एवढं तपासा

लग्नसराईत मुंबईहून कोकणात गावी जायचं म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण रात्रीच गाडी काढतात. कशेडी किंवा परशुराम घाटात पाऊस लागला की समोरचं नीट दिसत नाही. मग ॲक्सेसरीजच्या दुकानात सांगतात, "शंभरचा बल्ब टाका, नाहीतर एलईडी लावा." पण पैसे मोजण्याआधी आपला उजेड कमी का पडतोय ते बघूया.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच-४ हॅलोजन बल्ब असतो. तो अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅटचा. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. उजेड वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये, हे काम ती करते. हेडलाइटमधला आरसाही त्या तारेच्या नेमक्या जागेचा हिशोब धरूनच बनवलेला असतो. त्यात एलईडी बसवला की उजेडाची जागा बदलते आणि तो अस्ताव्यस्त फेकला जातो. आपल्याला झगमगाट दिसतो, पण समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काही क्षण काहीच दिसत नाही. त्याच्या मागे बायको-पोरं बसलेली असू शकतात.

१०० वॅटच्या बल्बचा त्रास वेगळा. ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर करंट ओढतो, १०० वॅटचा आठच्या वर. कंपनीची वायर आणि स्विच एवढ्यासाठी बनवलेले नसतात. ते तापतात, होल्डर वितळतो, आगीचाही धोका असतो.

मग करायचं काय? आधी काच बघा. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर ती पॉलिश करून घ्या. मग बल्बपर्यंत व्होल्टेज पूर्ण पोचतंय का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्के कमी होतो. गंजलेलं अर्थिंग साफ केलं तरी फरक पडतो. मागे सामान भरलं की गाडीचं नाक वर जातं. त्यासाठी स्टिअरिंगजवळचा लेव्हलचा स्विच असेल तर तो वापरा.

तरीही बल्ब बदलायचाच असेल तर त्याच वॅटचा, चांगल्या कंपनीचा घ्या आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला. काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलामुळे बल्ब लवकर जातो. मग सपाट जागी भिंतीवर उजेड पाडून सेटिंग करून घ्या.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. वायरिंग कापली तर वॉरंटीवरही पाणी सोडावं लागू शकतं.

हेडलाइट आपल्याला रस्ता दाखवण्यासाठी आहे, पण समोरच्यालाही तो दिसला पाहिजे. तोही आपल्यासारखाच कुणाच्या तरी घरी पोचायला निघालेला असतो.