तळवलीचा खाडीकाठ: मूळ रहिवाशांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तळवली हे ठाणे खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतले जुने गाव. घणसोली, गोठिवली, रबाळे ही त्याची शेजारची गावे. या पट्टीतली मूळ वस्ती प्रामुख्याने आगऱ्यांची. दक्षिणेकडे दिवाळे, सारसोळे अशा ठिकाणी कोळीवाडे आहेत. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांच्या वर गेली आणि ही मूळ माणसे आपल्याच गावात संख्येने थोडी ठरली. कायद्याच्या अर्थाने मात्र ती ‘अल्पसंख्य’ नाहीत, कारण तो दर्जा धर्म किंवा भाषा पाहून मिळतो. आगरी आणि कोळी बहुतांशी हिंदू आहेत आणि मराठीच बोलतात. शहरातल्या नव्या रहिवाशांच्या मनात त्यांच्याविषयी काही ठाम समजुती असतात. त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

‘नवी मुंबई ओसाड दलदलीवर वसली’

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडच्या जोडशहराची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी निश्चित झाली. एकूण क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. नकाशावर ज्याला दलदल म्हटले गेले, त्यातला मोठा भाग माणसांनी पिढ्यान् पिढ्या घडवलेला होता.

भरतीचे पाणी जिथवर चढते ती खाजण जमीन. तिच्याभोवती माती, दगड आणि पेंढा यांचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी बसवायची. उघाडी म्हणजे झडपेचे दार: ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडणारे, भरतीला खारे पाणी अडवणारे. पावसाने आतले मीठ धुऊन नेले की काही वर्षांनी तिथे भात उभे राहते. खारेपणा सोसणारे लाल तांदळाचे वाण या काठावर त्यासाठीच जपले गेले. बांध एकदा फुटला की एकाचे नव्हे, सगळ्या गावाचे शेत खारे होते. म्हणून डागडुजीला घरटी माणूस द्यावा लागे. जिथे गोडे पाणी पुरत नसे तिथे मिठागर. दिवाळीनंतर उधाणाचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरवत उन्हाने दाट करायचे आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मीठ ओढायचे. अशा जमिनीला ओसाड म्हणणे हे तिच्यावरच्या कष्टांवर पाणी ओतण्यासारखे आहे.

‘आगरी-कोळी ही एकच जात’

जोडशब्द सवयीचा झाला, ध्वनिफितींवरच्या कोळीगीतांनी तो आणखी घट्ट केला, तरी समाज दोन आहेत. आगरी हे नाव ‘आगर’ या शब्दाशी, म्हणजे मिठागर आणि बागाईत यांच्याशी जोडले जाते. भातशेती, मीठ आणि खाडीतली किरकोळ मासेमारी हा त्यांचा परंपरेचा उद्योग. कोळ्यांचे पोट होडी आणि जाळे यांवर चालत आले. लग्नसंबंध परंपरेने आपापल्या समाजात होत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मासेमारीचा हंगाम सुरू करणे हा मुळात कोळ्यांचा सण आहे.

‘कोळी’ या एका नावाखालीही अनेक समाज येतात. किनाऱ्यावरचे सोनकोळी महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात आहेत, तर महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी आणि ढोर कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत. आगरी इतर मागासवर्गात मोडतात. दोन्ही समाजांना जोडणारा खरा धागा कार्ल्याची एकवीरा आहे. चैत्रातल्या यात्रेला दोन्हीकडच्या पालख्या निघतात, आणि बौद्ध चैत्यगृहाच्या दाराशीच असलेल्या या देवीला चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंसारखे वेगळे समाजही कुलदैवत मानतात.

‘शहर येण्याआधी इथे एकाच तऱ्हेचे लोक होते’

पनवेलचे बेथ एल हे सिनेगॉग १८४९ चे आहे. बेने इस्राएल हा ज्यू समाज कोकणात तेल गाळण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्याला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. गावावरून आलेली पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी आडनावे आणि घरात मराठी, हे या समाजाचे रूप. १९४८ नंतर बरेच लोक इस्राएलला गेले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. डोंगराच्या बाजूला कातकरी आणि ठाकर, ठाण्याकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, बंदरांत कोकणी मुसलमान. खाडीकाठ कित्येक शतके असाच मिसळलेला आहे.

‘आगरी बोली म्हणजे अशुद्ध मराठी’

पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोला’ होतो, गाडी ‘गारी’ होते. शब्दाच्या आत येणाऱ्या ण, ळ, ड या तीन मूर्धन्य ध्वनींच्या जागी न, ल, र येतात. असा नेमाने होणारा बदल गलथानपणा ठरत नाही, ते बोलीचे व्याकरण असते. याच नियमाने तळवलीचा उच्चार ‘तलवली’ असा होतो. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात कोकणातल्या बोलींमध्ये आगरी आणि कोळी यांची नोंद आहे. शाळेत या उच्चारांची टिंगल होते म्हणून घराघरांतून बोली मागे सरते आहे, आणि हे नुकसान साऱ्या मराठीचे आहे.

‘आगऱ्यांची हळद म्हणजे नुसता धांगडधिंगा’

मोठाल्या ध्वनिवर्धकांमुळे हळदीची ओळख तेवढीच उरली आहे. तिच्या आत एक फार जुनी गोष्ट टिकून आहे: धवलारीण. ही समाजातलीच, पुष्कळदा वयस्क आणि विधवा बाई. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि पुढेही प्रत्येक विधीला त्याचे त्याचे धवले, म्हणजे लग्नातली विधीगीते, ती गाते, आणि तिच्या गाण्याने विधी पुढे सरकतो. पोथी नाही. मोठ्या धवलारणीमागे बसून ऐकत ऐकत शेकडो ओळी पाठ करायच्या, एवढेच शिक्षण. ज्या काळात विधवेला मंगलकार्यात उभे राहू देत नसत, त्या काळातही इथे तिच्यावाचून लग्न लागत नसे. शब्दही तोलामोलाचा आहे: तेराव्या शतकातल्या महानुभाव कवयित्री महदंबेच्या रुक्मिणीविवाहावरच्या रचनेला ‘धवळे’ असेच म्हणतात. धवले पाठ असणाऱ्या बायका आता गावोगावी थोड्या उरल्या आहेत.

‘जमिनी विकून गावकरी श्रीमंत झाले’

बहुतेकांनी जमीन विकली नाही, ती सक्तीने संपादित झाली. मोबदला अपुरा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी तिला आकार दिला. संपादित जमिनीच्या १२.५ टक्के इतका विकसित भूखंड परत मिळायचा, पण सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होऊन हाती पडायचा तो ८.७५ टक्के. एकराला साडेतीन गुंठे. भावाभावांत तो वाटल्यावर किती उरतो, हे कुणालाही मांडून पाहता येईल.

लढण्याची ही रीत नवी नव्हती. अलिबागजवळ चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला. खोतांच्या, म्हणजे गावोगावच्या जमीनदारांच्या, जमिनी कसायला नकार देणाऱ्या त्या कुळांत आगरी मोठ्या संख्येने होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेऊन १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले.

जुन्या गावठाणांतली दाट, एकमेकींना खेटलेली घरे पाहून त्यांना सरसकट ‘बेकायदा’ म्हटले जाते. शेती गेली, कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द मात्र वेळेवर वाढली नाही. मुलांची लग्ने झाली तशी घरे उभी राहिली. त्यांचे इथले नाव ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. ती नियमित करण्याची मागणी अनेक वर्षे चालली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने त्यासंबंधी निर्णय काढला.