आठाचा शून्य होतो तेव्हा

मागच्या आठवड्यात लिफ्टमधले मजल्यांचे आकडे पाहिले. सात पट्ट्यांचे तेच आकडे हात-दीड हात उंच करून खांबावर चढवले, की अमेरिकेतल्या पेट्रोल पंपाची भावाची पाटी झाली. तिकडे समोरासमोरच्या दोन पंपांचे भाव वेगळे असतात. हायवेवरचा माणूस भरधाव गाडीतून पाटी वाचून कुठे वळायचं ते ठरवतो. आपल्याकडे दोन पंपांत पैशांचाच काय तो फरक, म्हणून आपला भावफलक आत कुठेतरी लहानसा लटकलेला असतो. पाटीची उंची स्पर्धेवर ठरते, असं माझं मत.

पूर्वी तिकडे प्लॅस्टिकचे सुटे आकडे असत. पंपावरचा पोरगा टोकाला रबरी वाटी लावलेली लांब काठी घेऊन यायचा, वाटी आकड्यावर दाबून जुना खाली ओढायचा आणि नवा वर बसवायचा. मग आल्या उलटणाऱ्या पट्ट्या. एक बाजू काळी, दुसरी भडक. तारेच्या वेटोळ्यातून विजेचा एक झटका दिला की पट्टी उलटते, आणि पुढे लोहचुंबक तिला धरून ठेवतं. वीज लागते ती फक्त भाव बदलताना. रात्रभर लाइट गेली तरी आकडा तसाच. मला ही सर्वांत हुशार पाटी वाटते. पण अंधारात ती स्वतः उजळत नाही.

एलईडी उजळतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा पहिला उपयोगी एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये बनवला, तो लाल होता. आजही अमेरिकेत पेट्रोलचा आकडा बहुधा लाल आणि डिझेलचा हिरवा असतो. एलईडीचा खरा शत्रू ऊन. म्हणून मागची पाटी बिनचकाकीची काळी ठेवतात आणि दिव्यांच्या ओळींवर छोटे छज्जे बसवतात. प्रकाश मोजणारा सेन्सर दुपारी दिवे पूर्ण तेजाने लावतो आणि रात्री मंद करतो, नाहीतर ड्रायव्हरचे डोळे दिपतील.

एका पट्टीत एकामागोमाग जोडलेले बरेच एलईडी असतात. त्यांची माळ तुटली की अख्खी पट्टी विझते. इथे गंमत आहे. आठाची मधली पट्टी गेली तर शून्य दिसतो. साताची वरची गेली तर एक, म्हणजे 3.79 डॉलरचे 3.19! बिघाड आहे असं कुणाला वाटतही नाही, कारण दिसणारा आकडा खोटा असला तरी सुबक असतो. त्यामुळे काही पाट्या प्रत्येक पट्टीतून वीज जाते की नाही हे स्वतःच तपासतात.

भावाच्या शेवटी बारीक 9 असतो, सेंटचे नऊ दशांश. तो बहुतेक ठिकाणी नुसता छापलेला. कधी बदलतच नाही.

आता पाटी कार्यालयातल्या संगणकाशी जोडलेली असते. भाव वाढवायचा तर आधी पाटी बदलावी, मग पेट्रोल भरणाऱ्या यंत्रातला भाव. उतरवायचा तर उलट. नाहीतर गिऱ्हाईक पाटीपेक्षा जास्त पैसे मोजून भांडायला येणार. आपल्याकडे 16 जून 2017 पासून रोज भाव ठरू लागले तेव्हा आधी मध्यरात्रीची वेळ ठरली होती. पंपचालकांनी विरोध केला आणि ती सकाळी सहा झाली, कारण सगळीकडे आकडे आपोआप बदलत नव्हते. कुणीतरी जागं राहून ते बदलायचे होते.

आकड्यांना जागा पुरली नाही तर? 1979 मध्ये अमेरिकेत पेट्रोल गॅलनला एक डॉलरवर गेलं, आणि जुन्या पंपांची आकड्यांची चाकं 99.9 सेंटपुढे जाईनात. मग अर्ध्या गॅलनचा भाव लावून विक्री झाली, गिऱ्हाइकानं यंत्रावरची रक्कम दुप्पट करून द्यायची. 2021 मध्ये आपल्याकडे पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा भोपाळसकट काही ठिकाणी जुन्या यंत्रांवर तीन आकडे मावेनात, आणि प्रीमियम पेट्रोल विकणं थांबवावं लागलं.

जुन्या पंपांची ती चाकं पैसे मोजत, पण त्याआधी लिटर मोजतं कोण? ते पुढच्या आठवड्यात.