हँडल जड झालं की...

मंडईत भाजीला जाताना मी अजून माझी जुनी चेतक काढतो. आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ पासून तयार झालेली ही पेट्रोलची स्कूटर केव्हाच बंद झाली. आता त्याच नावाची विजेवरची मिळते. माझ्या चेतकची डावी मूठ जड झाली, की मंडईमागच्या बोळातला मेकॅनिक वायर बदलून देतो. तेवढ्या वेळात माझी मेथी-कोथिंबीर घेऊन होते. त्यामुळे वायर ही फार मनावर घेण्याची गोष्ट नव्हे, असा माझा समज होता.

तीन वर्षांपूर्वी तो समज पार मोडला.

माझ्या मामेभावाची दाभोळच्या खाडीत मासेमारीची जुनी बोट आहे. एका संध्याकाळी बोट धक्क्याला लागत होती. तांडेलानं हँडल मधे, म्हणजे न्यूट्रलला आणलं. हँडल आलं, पण गिअर सुटलाच नाही. पंखा फिरत राहिला आणि बोट धक्क्यावर आदळली. नाळेवर दोरी घेऊन उभ्या असलेल्या खलाशी पोराचा हात मधे सापडला. जीव वाचला, दोन बोटं गेली.

हँडल वर्षभर जड लागत होतं. त्याच मे महिन्यात मी ते स्वतः हलवून पाहिलं होतं. “माझ्या स्कूटरपेक्षा म्हातारं झालंय रे हे,” असं मी म्हणालो आणि आम्ही दोघंही हसलो. ते हसू मला अजून टोचतं.

पुढे भाऊ पुण्याला आला तेव्हा ती काढलेली केबल गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. मी त्याला मंडईमागच्या मेकॅनिककडे नेलं. त्यानं केबल मधोमध कापली. आत लाल गंज, वाळून काळं पडलेलं ग्रीस, आणि तारेनं घासून अस्तराला पाडलेली खोबण. “दादा, ही काल नाही बिघडली,” तो भावाला म्हणाला.

स्कूटरची वायर यात बसेल का, असं मी विचारलं. त्यानं मान हलवली. १८९६ साली ब्रिटनमध्ये अर्नेस्ट बाउडन यांनी पेटंट घेतलेली, नळीतून सरकणारी तार आपल्या सायकलला आणि स्कूटरला असते. ती फक्त ओढू शकते. म्हणून चेतकच्या गिअरला दोन वायरी लागतात. एक इकडे ओढते, दुसरी तिकडे. बोटीच्या या केबलमधली तार जाड आणि ताठ असते. ती ओढतेही आणि ढकलतेही. पुढचा गिअर, न्यूट्रल, मागचा गिअर, सारं तिच्या एकटीवर. वरचं आवरण चिरलं की खारं पाणी आत शिरतं, गंज फुगतो आणि तार अडकते. मग हँडल सांगतं एक आणि गिअरबॉक्स ऐकतो भलतंच.

दुखणं नेमकं कुठे आहे, ते ओळखण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद करून केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडवायचं आणि हँडल हलवायचं. तरीही जड लागलं, तर दोष केबलमध्ये किंवा हँडलमध्ये. हलकं लागलं, तर दोष गिअरबॉक्सकडे. बंद आवरणाच्या केबलमध्ये तेल सोडणं म्हणजे तापावर ओली पट्टी; थोडा वेळ बरं वाटतं, गंज तसाच राहतो. ती बदलायचीच. गिअरची गेली असेल तर बरोबरीची एक्सिलेटरची केबलही बदलावी, कारण दोघींनी खारं वारं सारखंच खाल्लेलं असतं.

नवी केबल जुनीच्या मापानं घ्यावी. बसवताना वळण मोठं ठेवावं. साधारण ८ इंच त्रिज्येपेक्षा आवळलेलं वळण तारेला घासतं. हँडल आणि गिअरबॉक्सचा दांडा, दोन्ही न्यूट्रलला ठेवूनच टोक जोडावं. मग पुढे-मागे दांडा शेवटपर्यंत जातो ना, ते पाहावं. अर्धवट लागलेल्या गिअरमध्ये क्लचच्या प्लेटा घसरून जळतात. शेवटी नट घट्ट, पिन जागेवर, आणि बोट दोरखंडानं बांधलेली असतानाच पहिली चाचणी.

केबल सहसा एकदम तुटत नाही. आधी ती जड होते. आपला हात मात्र सवयीनं थोडा अधिक जोर लावतो आणि तिचं सांगणं ऐकायचं राहून जातं.

आता पावसाळी बंदीत बोट वर ओढली की भावाचा फोन येतो, “भाई, केबल सोडून बघितली. हलकी आहे.” तो खलाशी पोरगा अजून त्याच बोटीवर जातो. दोरी आता डाव्या हातात धरतो.

फोन ठेवला की मी खाली जाऊन चेतकची मूठ एकदा फिरवून पाहतो. जरा जरी जड वाटली, तर त्या दिवशी मंडईत आधी मेकॅनिक, मग भाजी.