औषधाचा प्रवास – ५ : साखरेने सांगितलेला पत्ता

लायपोसोम कसा घडतो, हे मागच्या भागात आले. फॉस्फोलिपिडचे रेणू पाण्यात दुपदरी पडद्याचे पोकळ गोळे करतात आणि औषध त्या पडद्यात किंवा पोकळीत बसते. पण शिरेतून सोडलेला हा गोळा जाणार कुठे? त्याच्यावर काहीच खूण नसेल, तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला परका समजून गिळून टाकतात.

काही आजारांत हेच पथ्यावर पडते. काळा आजाराचा परजीवी भक्षक पेशींतच मुक्काम करतो. त्यामुळे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी भरलेला साधा लायपोसोमही तिथे बरोबर पोहोचतो. यकृतातल्या मुख्य पेशी गाठायच्या असतील, तर मात्र पत्ता लिहावाच लागतो.

तो पत्ता अनपेक्षित ठिकाणी सापडला. १९६०च्या दशकात अमेरिकेत गिल्बर्ट अ‍ॅशवेल आणि अनातोल मोरेल हे सेरुलोप्लाझ्मिन या रक्तातल्या, तांबे बाळगणाऱ्या प्रथिनाचा अभ्यास करत होते. या प्रथिनावर शर्करांच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायलिक आम्ल. ते टोक काढून प्रथिन सशाच्या शिरेत सोडले, तर एरवी कितीतरी तास रक्तात फिरणारे ते प्रथिन काही मिनिटांत नाहीसे झाले. सापडले ते यकृतात! सायलिक आम्ल गेल्याने खालचे गॅलॅक्टोज उघडे पडले होते आणि यकृतपेशींवर नेमके तेच ओळखणारा ग्राही होता. गॅलॅक्टोजही बिघडवले, की प्रथिन पुन्हा रक्तात टिकत असे. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचितच मिळतो.

लायपोसोमवर ही खूण बसवून पाहणाऱ्यांत भारतीय संशोधक आघाडीवर होते, हे अभिमानाने सांगायला हवे. कोलकात्यात बिमलकुमार बच्छावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास लायपोसोमवर वेगवेगळ्या शर्करा जोडून उंदरांच्या यकृतात ते कुठे जातात हे तपासले. गॅलॅक्टोजवाले मुख्य यकृतपेशींकडे वळले, मॅनोजवाले भक्षक पेशींकडे. पुढे बच्छावत दिल्ली विद्यापीठात गेले. तिथे घडलेल्या लायपोसोमी अ‍ॅम्फोटेरिसिनच्या रुग्णांवरील चाचण्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या नेतृत्वाखाली झाल्या.

साखर लायपोसोमवर नुसती शिंपडून भागत नाही. ती पाण्यात विरघळून निघून जाते. म्हणून तिला कोलेस्टेरॉल किंवा फॉस्फोलिपिडची शेपटी जोडतात. शेपटी पडद्यात रुतते, साखर बाहेर राहते. साखर पडद्याला फार चिकटून राहिली किंवा पृष्ठभागावरच्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या लांब साखळ्यांच्या झुडपात दडली, तर ग्राहीला ती सापडतच नाही. म्हणून मध्ये योग्य लांबीचा दुवा लागतो. एकट्या गॅलॅक्टोजची पकड ढिली असते. योग्य अंतरावर तीन गॅलॅक्टोज असले, की ती हजारो पटींनी घट्ट होते.

सर्वात जास्त चकवते ते आकारमान. सुमारे ७० नॅनोमीटरपेक्षा मोठा कण गॅलॅक्टोज मिरवत असला तरी मुख्य यकृतपेशी त्याला नीट घेत नाहीत आणि तो शेवटी भक्षक पेशींच्याच तोंडी जातो. रसायन अचूक असूनही कणाचे आकारमान चुकल्याने प्रयोग फसू शकतो.

साखर बाहेर आली आहे की नाही, हे पाहायची एक सुंदर चाचणी आहे. एरंडाच्या बियांतले एक प्रथिन गॅलॅक्टोजला घट्ट धरते. ते घातले की गॅलॅक्टोजवाले लायपोसोम एकमेकांना चिकटून द्रावण गढूळ होते. मोकळे गॅलॅक्टोज टाकले, की ते पुन्हा निवळते.

आज औषधांच्या दुकानात हाच पत्ता दिसतो, पण वेगळ्या रूपात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या इन्क्लिसिरानमध्ये लायपोसोम नाहीच. आरएनएच्या तुकड्याला गॅलॅक्टोजचा भाऊबंद असलेल्या एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइनचा तिहेरी गुच्छ थेट जोडलेला असतो. जनुक-संपादनासाठी मात्र मोठा माल लागतो आणि तिथे लायपोसोमसारखे मेदकण पुन्हा कामाला येतात. साधे मेदकण यकृतात शिरताना एलडीएल (रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे कण) ओळखणाऱ्या ग्राहीचा आधार घेतात. जन्मतः तो ग्राही नसलेल्या रुग्णांत हे दार बंदच असते. अशीच स्थिती असलेल्या माकडांत गुच्छ लावलेले मेदकण दुसऱ्या दाराने आत गेले आणि यकृतपेशींत संपादन घडून आले.