फ्रिजची जाळी: काय खरं, काय ऐकीव

फ्रिजच्या मागची काळी जाळी थंडावा तयार करते, असा समज महाड-पोलादपूरकडच्या पुष्कळ घरांत आहे. जाळीचं काम नेमकं उलट असतं. आतल्या दुधातली, भाजीतली, कालच्या आमटीतली उष्णता गॅस शोषून घेतो, कॉम्प्रेसर तो गॅस दाबून जाळीत ढकलतो आणि जाळी ती उष्णता स्वयंपाकघरात सोडते. फ्रिजमधली उष्णता बाहेर काढण्याचा हा एकच रस्ता आहे. तो धुळीने, भिंतीने किंवा वर टाकलेल्या कपड्यांनी अडला की उष्णता आतच अडकते आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही.

जाळी खोलीपेक्षा गरम असेल तरच तिच्यातली उष्णता हवेत जाते. खोली पंचवीस अंशांची असली तर हे सहज घडतं. चाळीस अंशांची झाली की जाळीला त्याहूनही वर चढावं लागतं, आणि ती चढण विजेच्या जोरावर होते. आपल्याकडे ही चढण मोठी आहे. समुद्राचा वारा सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत फारसा पोचत नाही, डोंगर तापतात आणि मार्चपासूनच घाम फुटतो. आपल्याच जिल्ह्यात भिरा इथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली, तेव्हा त्या आकड्याची चर्चा देशभर झाली होती. पत्र्याच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटून आणि शेगडीशेजारी फ्रिज ठेवला असेल, तर जाळी कितीही घासली तरी फरक थोडाच पडेल. आधी जागा बदला. मागे वीतभर मोकळं राहू द्या, दोन्ही बाजूंना चार बोटं सोडा आणि वरचा भाग डबे-पिशव्यांनी भरू नका.

‘नव्या फ्रिजला जाळीच नसते, मग साफ काय करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. जाळी असते, पण दिसत नाही. आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये जाळीची नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, म्हणून तो पत्राच जाळीचं काम करतो. अशा फ्रिजची बाजू कोमट लागली की लोक घाबरतात आणि मेकॅनिकला फोन करतात. त्यात बिघाड नाही, उष्णता बाहेर पडते आहे एवढंच. दाराच्या चौकटीजवळ ऊब लागते तीही मुद्दाम केलेली सोय आहे. तिथे गरम नळी फिरवली नाही तर जुलैच्या दमट हवेत चौकटीवर सतत पाणी धरेल. अशा फ्रिजला ब्रश मारायची गरज नाही, पण बाजूंना जाडजूड कव्हर घालणं किंवा पोती टेकवणं बंदच करायला हवं. काही मोठ्या डबल डोअर फ्रिजची जाळी खाली, कॉम्प्रेसरजवळ पंख्यासमोर असते. तिथे धूळ फार लवकर बसते.

जाळी साफ केली की बिल निम्मं होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धुळीचा पातळ थर बिलावर थोडाच परिणाम करतो. खरा फायदा कॉम्प्रेसरला होतो, कारण तो कमी तापतो आणि कमी वेळ चालतो. बिलाचीच काळजी असेल तर दाराचं रबर आधी बघा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. ती सहज निघून आली तर तिथून गार हवा दिवसरात्र बाहेर जाते आहे. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं की बऱ्याचदा पुन्हा घट्ट बसतं.

बाहेर दिसणारी जाळी वर्षातून दोनदा साफ केली तरी पुरते. मुंबई-गोवा महामार्गालगत, रुंदीकरणाची धूळ खाल्लेल्या घरांनी मात्र ती जास्त वेळा बघावी. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. फ्रिज पुढे ओढा आणि मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडा. व्हॅक्यूम असेल तर उत्तम. पाण्याचा फवारा मारून जाळी धुणं सगळ्यांत वाईट. खालीच कॉम्प्रेसरच्या अंगाला रिले आणि वायरी असतात. त्यात पाणी गेलं तर शॉक बसू शकतो, आणि आपल्या दमट हवेत ओली राहिलेली नळी गंजते. गंजलेल्या नळीला बारीक भोक पडलं की गॅस निघून जातो.

गॅसबद्दलचा गैरसमज खिशाला सर्वांत महाग पडतो. ‘दर दोन-तीन वर्षांनी गॅस भरावाच लागतो’ हे खरं नाही. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. मेकॅनिकला गळती कुठे होती हे विचारा, जोड दाखवायला सांगा. नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन गॅस पेट घेणारा असतो. मागच्या पट्टीवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो आहे. प्रमाण थोडंच असतं, म्हणून भीती नको, पण गळतीचा संशय असताना उघडी ज्योत जवळ नको.

फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर असला की फ्रिज जोरात गार करतो, असं वाटतं. तो थर गारवा अडवतो. बोटभर जाडीच्या आत असतानाच डिफ्रॉस्टचं बटण दाबा. सुरीने खरवडणं हे सिंगल डोअर फ्रिज मरण्याचं नेहमीचं कारण आहे. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या आतच गॅसची नळी असते.

वितळलेलं पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरतं, आणि तो ट्रे जवळजवळ कुणी बघत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून टाकणं पुरेसं नाही. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. पावसाळ्यात दर आठवड्याला ट्रे घासून, पुसून, कोरडा करून लावा.

राहिला पूर. सावित्रीचा उगम महाबळेश्वरला आहे. वर धो धो पाऊस झाला की पाणी पोलादपूरवरून खाली येतं, महाडला गांधारीचं पाणी त्यात मिळतं आणि खाली बाणकोट खाडीला भरती असली तर निचरा मंदावतो. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैत बाजारपेठेतल्या घरांनी हे भोगलं आहे. त्यानंतर ‘दोन दिवस उन्हात ठेवा, वाळला की चालतो’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. पत्रा वाळलेला दिसला तरी रिले, थर्मोस्टॅट आणि वायरींच्या जोडांत गाळ बसलेला असतो. तसा फ्रिज लावला तर बॉडीत करंट उतरू शकतो. कॉम्प्रेसर स्वतः बंद डब्यात असतो, त्यामुळे पुरात बुडालेला प्रत्येक फ्रिज टाकाऊ नसतो. पण मेकॅनिकने बाहेरचे विजेचे भाग तपासून, बदलून, घराचं अर्थिंग बघून मगच तो सुरू करावा. गाळाचं पाणी पत्र्याच्या सांध्यांतून आतल्या फोमपर्यंत गेलं असेल तर वास निघत नाही, आणि तो फ्रिज सोडून देणंच बरं. पुराचं पाणी लागलेलं आतलं अन्न, दुधाची पिशवी बंद असली तरी, फेकून द्या.

पाणी चढायला लागलं की प्लग आधी काढा, पण बोर्डापर्यंत जाताना पाय पाण्यात असतील तर हात लावू नका. मेन स्विच कोरड्यावरून बंद करता आला तरच करा. रिकामा फ्रिज फोममुळे पाण्यावर तरंगतो आणि आडवा होऊन दार अडवतो, म्हणून तो वर नेता येत नसेल तर खिडकीच्या गजाला दोराने बांधून ठेवा. पुरानंतर तो बाहेर टाकण्याआधी मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा. पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा, आणि विमा असेल तर तिथेही, तो दाखवता येईल.