चष्म्यात वाचवा, तपासणीत नको

तळेरे ही कणकवली तालुक्यातली नाक्यावरची बाजारपेठ. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो, एक रस्ता विजयदुर्गाकडे समुद्रावर उतरतो आणि एक वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावडा, कोल्हापूर गाठतो. डोळ्यांचं काही निघालं तर इथल्या माणसाला जायला जागा आहेत: कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय, ओरोसचं जिल्हा रुग्णालय, कोल्हापूरचे खासगी डॉक्टर, अगदीच अडलं तर गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय. एस. टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट आहे. म्हणजे अडचण रस्त्याची नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं आणि पैसे कशावर घालायचे, याचे जे हिशेब घराघरांत पक्के बसले आहेत त्यांतले बरेच चुकीचे आहेत. चष्म्याची फ्रेम घेताना मागेपुढे न पाहणारं घर डॉक्टरांची फी मात्र वाचवतं. काटकसर करायला हरकत नाही, पण ती उलट्या टोकाला होते.

“मोतिबिंदू पिकल्याशिवाय काढूचो नाय”

हा सल्ला एके काळी बरोबर होता. पूर्वी मोठा छेद घेऊन डोळ्यातलं अख्खं भिंग बाहेर काढत, टाके घालत, आणि पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा लागे. एवढा खटाटोप करायचा तर नजर बरीचशी गेल्यावरच करावा, असं डॉक्टरही म्हणत. मग १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवलं आणि १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो बारीक छेदातून ओढून घ्यायची पद्धत आणली. तिथून हिशेब बदलला, आपल्याकडचा सल्ला मात्र तोच राहिला.

आज पिकायची वाट पाहण्यात नुकसान आहे. फार पिकलेलं भिंग कठीण होतं, ते फोडायला जास्त वेळ आणि जास्त जोर लागतो, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होण्याची शक्यता वाढते. काहींच्या डोळ्यात ते फुगतं आणि डोळ्याचा दाब एकदम चढतो. तेव्हा सोपी शस्त्रक्रिया अवघड होते, कधी गेलेली नजर पूर्ण परतही येत नाही. मग काढायचा केव्हा? रोजच्या कामात अडायला लागलं की. तांदूळ निवडताना खडा दिसत नाही, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड फाकतो, पायरीचा अंदाज चुकतो, एवढी कारणं पुरेशी आहेत.

“पावसात ऑपरेशन नको” हेही त्याच जुन्या काळातलं. आताचा छेद इतका लहान असतो की बहुधा टाकाही लागत नाही, आणि शस्त्रक्रियागृहाच्या स्वच्छतेचा बाहेरच्या ऋतूशी संबंध नसतो. सांभाळायचं असतं ते नंतर: काही आठवडे डोळ्यात पाणी, धूळ, चिखल जाऊ द्यायचा नाही. त्यामुळे लावणीच्या तोंडावर आईचं ऑपरेशन ठेवू नये, कारण ती चिखलात उतरल्याशिवाय राहणार नाही. लावणी आटोपल्यावर पाऊस असला तरी खुशाल करावं.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. मोतिबिंदू विरघळवणारे थेंब म्हणून जे विकलं जातं, त्यानं मोतिबिंदू विरघळतो असं कुठंही सिद्ध झालेलं नाही. त्यावर घातलेला रुपया वाया जातो. चुरा करायची नेहमीची पद्धत लेझरची नाही, ध्वनिलहरींची आहे, तेव्हा “लेझरनं करतो” एवढ्यावर जास्त पैसे देण्याआधी नेमकं काय करणार ते विचारावं. आणि काढलेला मोतिबिंदू पुन्हा येत नाही. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, तर बहुतेक वेळा कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा गढूळ झालेला असतो. तिथे मात्र खरोखरच लेझर वापरतात आणि काम काही मिनिटांत होतं.

सगळ्यात महागात पडणारा समज वेगळाच आहे: सरकारी, फुकटचं ऑपरेशन म्हणजे दुय्यम. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतिबिंदूची मोफत शस्त्रक्रिया हाच त्याचा कणा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी रुग्णालयातच, डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखावर मोतिबिंदू काढले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृत्रिम भिंगं एके काळी परदेशातून येत आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर असत. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही संस्था काढून ती भारतातच, फार कमी खर्चात बनवायला सुरुवात केली. साधं, एका अंतरासाठीचं भिंग बसवलं की लांबचं नीट दिसतं आणि वाचायला साधा चष्मा लागतो. ज्याला वाचायलाही चष्मा नको असेल त्यानं महागडं बहुकेंद्री भिंग घ्यावं, पण ती सोय आहे, त्यानं नजर जास्त चांगली होते असं नाही. काहींना त्या भिंगांनी रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात, हेही बिल भरण्याआधी माहीत असावं.

“डोळा लाल झालाय, मेडिकलमधून ड्रॉप आणा”

या एका वाक्यानं जेवढं नुकसान होतं, तेवढं चष्म्याच्या बाबतीतल्या सगळ्या गैरसमजांनी मिळून होत नसेल.

डोळा लाल होण्याची कारणं अनेक असतात. साथीचे डोळे आले असतील तर ते बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. पण भात कापताना पातं लागलं, कवळं तोडताना फांदी लागली, काजूच्या बागेत बेणणी करताना कुसळ गेलं, तर गोष्ट वेगळी. बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यात बुरशी शिरू शकते. दमट हवा आणि हिरव्या झाडोऱ्याची जखम, या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे हा आजार आढळतो, आणि कोकणात त्या बारमाही एकत्र आहेत. अशा डोळ्यात स्टिरॉइडचे थेंब गेले की लाली आणि ठणका दोन दिवस कमी होतो. माणसाला वाटतं गुण आला. आत बुरशीला रान मोकळं झालेलं असतं. जखम भरली तरी मागे पांढरा डाग राहतो. डोळ्यात फूल पडलं म्हणतात ते हेच, आणि ते बुबुळाच्या मधोमध असेल तर नेत्ररोपणाशिवाय उपाय उरत नाही.

दुसरं नुकसान सावकाश होतं. खाज येते म्हणून तेच थेंब महिनोन्महिने घालत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतिबिंदूही लवकर येतो. काचबिंदूत नजर कडेनं जाते, बहुधा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. आणि गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशननं परत येत नाही. मोतिबिंदू आणि काचबिंदू यांची नावं सारखी वाटतात म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात. मोतिबिंदूला उशीर झाला तरी बहुधा निभावतं, काचबिंदूला उशीर चालत नाही.

म्हणून बाटलीवरचं नाव वाचायची सवय लावून घ्यावी. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे, आणि डॉक्टरांनी त्याच डोळ्यासाठी, तेवढ्याच दिवसांसाठी लिहून दिलं असेल तरच घालायचं. शेजाऱ्याची उरलेली बाटली नको, मागच्या वर्षीची नको. मध, दूध, पाल्याचा रसही डोळ्यात नको. ते जंतुविरहित नसतात. डोळ्याला मार लागला, दुखतंय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. चिरेखाणीत किंवा वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्यानं संरक्षक गॉगल लावला तर यातलं बरंच टळतं, आणि तो फार महाग नसतो.

“चष्मो लावलो की नंबर वाढता”

मुलाचा नंबर वाढतो, कारण त्याचा डोळा वाढत असतो. लांबचं न दिसणाऱ्या मुलाचा नेत्रगोल लांबट होत जातो आणि अंगाची वाढ चालू असेतोवर हे कमीजास्त चालतं. चष्मा लावण्याशी त्याचा संबंध नाही. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला तर वाढ थांबेल का, हे मलेशियातल्या संशोधकांनी मुलांवर पाहिलं. २००२ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला होता.

नंबर लागणं लांबवणारी एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती फुकट आहे: उघड्यावर खेळणं. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना लांबचा नंबर लागला होता, इतर शाळांत जवळपास ४० टक्के. गाजर आणि शेवग्याचा पाला अवश्य खायला द्यावा, अ-जीवनसत्त्वाची कमतरता त्यानं टळते, पण लागलेला नंबर खाण्यापिण्यानं उतरत नाही.

लहान मुलाच्या बाबतीत चष्मा टाळण्याची किंमत फार मोठी असते. एका डोळ्याला जास्त नंबर असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. हा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत पकडला तर सुधारण्याची आशा जास्त. पुढे चष्मा घालूनही तो पूर्ण पाहत नाही. तिरळेपणाला नशिबाचं लक्षण म्हणून सोडून देणारी घरं अजून आहेत, त्यांच्या मुलांचंही हेच होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येऊन तपासतं, आणि अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मे मिळतात. शाळेतून मुलाच्या डोळ्यांबद्दल चिठ्ठी आली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

“कॉम्प्युटरवर काढलेला नंबर म्हणजे पक्का”

यंत्रानं काढलेला नंबर हा अंदाज असतो. त्यावरून सुरुवात करून, एकेक काच बदलत, “आता बरं की आधी बरं” असं विचारून खरा नंबर ठरतो. मुलांचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घातल्याशिवाय नीट कळत नाही. त्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, म्हणून मोठ्या माणसानं ते घालायचे असतील तर एकट्यानं मोटरसायकल घेऊन जाऊ नये. दुकानातल्या मोफत तपासणीत नंबर मिळतो, पण डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा तपासला जातोच असं नाही. चाळिशीनंतर अधूनमधून, आणि मधुमेह असेल तर दरवर्षी, हे दोन्ही डॉक्टरांकडून बघून घ्यावं. मधुमेहानं पडद्यावर झालेली इजा नजर चांगली असतानाच दिसते आणि तेव्हाच उपाय स्वस्तात होतो.

“बाजारातल्या तयार चष्म्यानं डोळे जातात”

नाही जात. चाळिशी लागते ती डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी झाल्यानं, आणि ती सगळ्यांना लागते. दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर शून्याच्या आसपास असेल आणि आडवा-तिरका नंबर नसेल, तर जवळचं पाहायला तयार चष्मा चालतो. दोन डोळ्यांत फरक असेल तर डोकं दुखेल, एवढंच. डोळ्याला इजा नाही. एकदा डॉक्टरांकडून तपासून नंबर कळला की मग देवघरात एक, शिलाई यंत्राजवळ एक, असे दोन स्वस्त चष्मे ठेवणं शहाणपणाचं.

“या वयात कशाला” म्हणून चाळिशी टाळणाऱ्यांनी हे वाचावं. आसाममध्ये चाळिशीपुढच्या चहा खुडणाऱ्यांना वाचण्याचे चष्मे दिले, तर त्यांचं काम चष्मा नसलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त वाढलं. हा अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. बांगलादेशातल्या २०२४ च्या अभ्यासात तर चष्मा मिळालेल्यांची कमाई तिसऱ्या हिश्शानं वाढली. आपल्याकडे काजूगर निवडणाऱ्या आणि जाळी विणणाऱ्या हातांनाही हेच लागू आहे.

“महाग काच म्हणजे चांगली काच”

इथे खुशाल वाचवावं. नंबर तीनच्या आत असेल तर साधी प्लास्टिकची काच पुरते. पातळ, महाग काचेचा उपयोग मोठ्या नंबरला. मुलांना मात्र पॉलीकार्बोनेट द्यावं, चेंडू लागला तरी ते सहज फुटत नाही. मोबाइलसाठी म्हणून निळा प्रकाश अडवणारी काच गळ्यात मारतात. कॉक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या, आणि साध्या काचेच्या तुलनेत तिनं डोळ्यांचा थकवा कमी होतो असं आढळलं नाही. प्रतिबिंब घालवणारा थर रात्री गाडी चालवणाऱ्याच्या कामाचा आहे. एका कलमावर जास्त खर्च करायचा तर त्यावर करावा. उन्हात आणि वाऱ्यात राहणाऱ्या खलाशानं गॉगल घेताना काळेपणा पाहू नये, अतिनील किरण पूर्ण अडतात का ते पाहावं, नाहीतर डोळ्यात वडस वाढायला मदतच होते.

खारी हवा आणि घाम यांनी धातूची फ्रेम लवकर गंजते, म्हणून किनाऱ्यावर प्लास्टिक किंवा नायलॉनची फ्रेम जास्त टिकते. फ्रेम धड असेल तर तिच्यातच नवीन काचा बसवून मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यांवरचा, काचांवरचा आणि फ्रेमवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल पक्कं घ्यावं आणि तो आकडा बघावा.

नंबरचा कागद तुमचा आहे. त्यावर दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावं, घरी आल्यावर कागदाचा फोटो काढून ठेवावा. मग काचा तळेऱ्यात करा, कणकवलीत करा नाहीतर मुंबईच्या भाच्याकडून मागवा. दोन ठिकाणी भाव विचारायला तेवढा कागद पुरतो.